पुस्तकातले बळवंतराव आणि तुमचे बळवंतराव

प्रश्न : आमच्या कुळाचं मंडळ पुण्यात आहे. कुलवृत्तांताची, म्हणजे कुळाच्या वंशावळींच्या पुस्तकाची, नवी आवृत्ती निघते आहे आणि शाखा जुळली तरच आजीव सभासद करून घेतात. जुन्या आवृत्तीत एका बळवंतरावांपुढे फक्त 'नागपुराकडे गेले' एवढंच लिहून ओळ संपवली आहे. त्यांच्या धाकट्या भावाचा जन्म शके १७२५ दिला आहे. हेच आमचे पणजेसासरे असावेत असं घरात सगळे म्हणतात. तेही बळवंतरावच, आणि भोसल्यांच्या पदरी होते असं ऐकत आलो. ते मानमोडीच्या साथीत गेले, तेव्हा साठीचेही नव्हते. त्यांचे चिरंजीव गोविंदराव, म्हणजे माझे आजेसासरे (जन्म १९०४च्या आसपास), दत्तक आलेले, वर्ध्याकडून. सासरे १९३१चे, यजमान १९५८चे. गाव नरखेडजवळ, शेती १९५० नंतर विकली. मंडळाने 'कागद पाठवा' म्हणून कळवलं आहे. आमच्याकडे आहे ती एक हाताने लिहिलेली वंशावळ आणि मोडीतले चार कागद. एक गृहस्थ पंधरा हजारांत चौदा पिढ्यांची वंशावळ शिक्क्यासह करून देतो म्हणतात. घ्यावी का? दत्तकामुळे अडेल का?
— सौ. वि. क., नागपूर

उत्तर :

वि. ताई, पंधरा हजार राहू द्या. चौदा पिढ्या कोणीही लिहून देईल, आणि शिक्काही करून आणील. मंडळाला नावं नको आहेत. अमुक हा तमुकाचा मुलगा, हे सांगणारा त्या काळचा कागद हवा आहे. पिढ्या चौदा असल्या तर जोड तेरा, आणि प्रत्येक जोडाला वेगळा कागद लागतो. नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्रही इथे कामाचं नाही. त्यात तुम्ही आज काय म्हणता एवढंच सिद्ध होतं.

हा आपल्याकडचाच हट्ट आहे असं समजू नका. अमेरिकेत १८९० साली स्थापन झालेली 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन' नावाची स्त्रियांची संस्था आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उभ्या राहिलेल्या माणसाची आपण थेट वंशज आहोत, हे बाईला एकेका पिढीचा जोड दाखवून सिद्ध करावं लागतं. आडनाव सारखं आहे, घरात असं बोलतात, एवढ्यावर तिथेही कोणी आत घेत नाही.

आता तुमचं पत्र. कागद शोधायला निघण्याआधी पाटी-पेन्सिल घ्या. शके १७२५ म्हणजे १८०३-०४. पुस्तकातले बळवंतराव त्या भावाहून थोरले, म्हणजे त्यांचा जन्म १८०० च्या आसपासचा किंवा आधीचा. तुमचे बळवंतराव मानमोडीत गेले, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएन्झात, आणि तेव्हा साठीच्या आत होते. म्हणजे त्यांचा जन्म १८५८ नंतरचा. दोघांच्या जन्मांत साठ वर्षांचं अंतर आहे, तेव्हा ही माणसं दोन आहेत. मधे एक पुरुष हरवला आहे, आणि थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवायची आपली रीत पाहता तो बहुतेक गोविंदच असेल. क्रम असा लागतो: बळवंत (सु. १८००), गोविंद (सु. १८३०), बळवंत (सु. १८६२), गोविंद (१९०४, दत्तक), मग तुमचे सासरे. ही अजून अटकळच आहे, म्हणून पेन्सिलीने लिहा.

भोसल्यांचं कोडंही याच हिशेबाने सुटतं. नागपूरचे राजे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी राज्य खालसा झालं. १८५८ नंतर जन्मलेला माणूस त्या राज्याच्या नोकरीत असणं शक्य नाही. असलेच तर पुस्तकातले बळवंतराव असतील, आणि आजोबांची कीर्ती सारख्या नावाच्या नातवाला येऊन चिकटली असेल. वंशावळीत हे फार वेळा घडतं. दुसरी शक्यताही बाजूला टाकू नका: राज्य गेल्यावर घराण्याला 'राजे बहादूर' किताब आणि देऊरची जहागीर राहिली, नागपूरच्या महाल भागातला वाडा नांदता राहिला आणि तिथे कारभारी, मुनीम, पुजारी अशी माणसं होतीच. 'पदरी होते' या दोन शब्दांत दरबारची मनसबही बसते आणि वाड्यावरची खातेवहीही. मंडळाला लिहिताना 'सरदार' हा शब्द सनद हाती येईपर्यंत वापरू नका.

आता कामाचा क्रम. सगळे वरून खाली येतात, म्हणजे प्रसिद्ध पूर्वज धरून आपल्यापर्यंत रेघ ओढत येतात. तुम्ही खालून वर चढा. यजमान आणि सासऱ्यांचे कागद एका आठवड्यात होतील: दोघांचे जन्मदाखले, शाळेचा दाखल-खारीज उतारा, सासऱ्यांचं सेवापुस्तक. टी.सी. पुरत नाही, कारण ती नंतर लिहिलेली प्रत असते. मूळ रजिस्टरच्या पानाची मुख्याध्यापकांच्या सहीची नक्कल मागा आणि 'शेरा' हा रकाना नक्कलेत येईल असं पाहा. जन्मतारीख बदलली असेल, आडनाव सुधारलं असेल, तर ते तिथेच लाल शाईत सापडतं. सासरे शहरात जन्मले असतील तर महानगरपालिकेकडे अर्ज करताना मुलाच्या नावाने शोध मागू नका. जुन्या नोंदींत नुसतं 'मुलगा' आणि बापाचं नाव एवढंच असतं, बारसं नोंदीनंतर व्हायचं. तारीख आणि वडिलांचं नाव देऊन शोध मागा. नोंद नसेल तर 'अनुपलब्धतेचा दाखला' लेखी घ्या. तोही फाइलला लागतो, कारण तुम्ही शोधलं हे त्यावरून कळतं.

खरी कसोटी गोविंदरावांपासून वर आहे.

नरखेड हा आज वेगळा तालुका आहे, पण इंग्रजी अमलात नागपूर जिल्ह्याला नागपूर, रामटेक, उमरेड आणि काटोल अशाच तहसिली होत्या. तुमचं गाव काटोलमध्ये होतं. अर्जात 'मौजा अमुक, जुनी तहसील काटोल, हल्ली तालुका नरखेड' असं दोन्ही लिहा. नाहीतर नरखेडचा कारकून 'आमच्याकडे एवढं जुनं नाही' म्हणून अर्ज परत करतो आणि काटोलवाला 'तुमचं गाव आमच्याकडे नाही' म्हणून. हेलपाटे वाढतात ते बहुधा एवढ्यासाठीच.

पहिला अर्ज कोतवाल बुकासाठी. गावातले जन्म-मृत्यू कोतवालाच्या वहीत चढत. तहसिलीच्या अभिलेख कक्षात ती वही 'कोतवाल पंजी' किंवा 'गाव नमुना १४' या नावाने असते. तुम्हाला बळवंतरावांच्या मृत्यूची नोंद हवी आहे. मानमोडीची मोठी लाट १९१८ च्या शरद ऋतूत आली, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबर १९१८ ची सगळी पानं मागा. 'इन्फ्लुएन्झा' शोधत बसू नका, कारणाच्या रकान्यात 'ताप' असेल. त्या महिन्यांत पानंच्या पानं 'ताप, ताप' अशी भरलेली असतात.

नेमकी तारीख काढायची युक्ती तुमच्याच घरात आहे. बळवंतरावांचं श्राद्ध किंवा पक्ष कोणत्या तिथीला होत असे? पक्षाची तिथी म्हणजे मृत्यूतिथी. श्राद्धाचा महिना आठवत असेल तर आणखी उत्तम. १९१८ ची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. म्हणजे आश्विन वद्यातली तिथी असेल तर ऑक्टोबरचा शेवटचा भाग आणि नोव्हेंबरचे पहिले दोन-तीन दिवस एवढीच पानं पाहायची. नोंदीत नाव, वय, जात, राहणार एवढं मिळेल. वय लिहिणाऱ्याने अंदाजाने टाकलेलं असतं, पाच-सात वर्षं इकडे-तिकडे धरून चाला. बापाचं नाव मृत्यूच्या नोंदीत नेहमी असतंच असं नाही, म्हणून इथे थांबू नका.

दुसरा अर्ज जमिनीच्या कागदांसाठी, आणि तुमची सगळी भिस्त यावर आहे. मध्यप्रांतात जमिनीचे बंदोबस्त, म्हणजे मोजणी करून सारा ठरवणं, साधारण वीस-तीस वर्षांनी झाले: नागपूर जिल्ह्यात १८६० च्या दशकात, मग १८९० च्या, मग १९१० च्या. प्रत्येक वेळी गावातल्या खातेदारांची नावं बापाच्या नावासकट लिहिली गेली. शिवाय १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, आणि त्याच्या मागे-पुढे फेरफार, म्हणजे खात्यावरची नावं बदलल्याच्या नोंदी. बंदोबस्ताची मिसल (फाइल), खसरा (शेतवार नोंदवही), अधिकार अभिलेख यांसाठी जिल्हाधिकारी कार्यालयाचं अभिलेखागार आणि तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय, दोन्हीकडे विचारा. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन झालेले फेरफार आणि सातबारे गाववार पाहता येतात, ते आधी घरी बसून चाळा.

कागद मराठीत असला तरी त्यातले शब्द फारशी वळणाचे असतात. 'वल्द' म्हणजे अमुकाचा मुलगा. 'जौजे' म्हणजे बायको, 'बेवा' म्हणजे विधवा, 'सा.' म्हणजे साकिन, राहणार, आणि 'सा. देह' म्हणजे याच गावचा. बाईच्या नावाआधीचं 'मु.' हे मुसम्मात, ते 'मुक्काम' म्हणून वाचू नका. 'नाबालिग' म्हणजे अज्ञान आणि 'वली' म्हणजे त्याचा पालक. तुमच्यासाठी सगळ्यांत मोलाचा शब्द 'मुतबन्ना', म्हणजे दत्तक. मोडी कागदांत मुलासाठी 'बिन' आणि बायकोसाठी 'कोम' येतं.

आता समजा नक्कल हाती आली आणि तीत लिहिलं आहे: 'गोविंद वल्द बळवंत, सा. देह'. आनंदाने मंडळाला पाठवाल, आणि तिथेच फसाल. ही ओळ १८६५ ची असेल तर हा तुमचा हरवलेला गोविंद, पुस्तकातल्या बळवंतरावांचा मुलगा. हीच ओळ १९३० ची असेल तर ते तुमचे आजेसासरे. अक्षरं तीच, माणसं वेगळी, मधे पासष्ट वर्षं. म्हणून नक्कलेवर बंदोबस्ताचं साल असलेलं पहिलं पानही मागून घ्या, नुसतं नावाचं पान घेऊ नका. आणि १८९० च्या बंदोबस्तात 'बळवंत वल्द गोविंद' सापडला तर तो तुमच्या साखळीचा मधला आकडा. त्यातूनच दोन बळवंत आणि दोन गोविंद वेगळे पडतात. माणसं नावाने मोजण्यापेक्षा प्रत्येकाला क्रमांक द्या (ब-१, गो-१, ब-२, गो-२) आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी लिहा: गाव, बायकोचं नाव, आणि तो जिवंत असल्याचं पहिलं आणि शेवटचं साल. दोन कागदांत बायको वेगळी दिसली तर आधी दुसरं लग्न तपासा, मग दुसरा माणूस.

घराणं मालगुजार, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारं, होतं का तेही विचारून घ्या. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तेव्हा नुकसानभरपाईच्या प्रकरणांत हिस्सेदारांची नावं आणि नाती लिहिली गेली. जमीन मुआफीची, म्हणजे साऱ्यातून सुटलेली असेल, तर मुआफी कोणी, कोणाला, कशाबद्दल दिली हे पहिल्या बंदोबस्ताच्या वेळी तपासलेलं असतं. भोसल्यांच्या चाकरीचा पुरावा निघाला तर तो सनदेइतकाच या मुआफीच्या चौकशीत निघेल.

दत्तकामुळे अडत नाही. दत्तक पुत्र हा त्या घराण्याचाच, कुलवृत्तांतात तो खुणेसह पूर्ण मानाने येतो. अडतं ते दत्तक लपवल्यामुळे. पुढे कोणीतरी जन्मकुळाचा कागद काढतो आणि तुमची सगळी शाखाच संशयात जाते. तेव्हा दत्तक सरळ लिहा आणि दोन प्रश्नांची उत्तरं शोधा: दत्तक कोणी घेतलं, आणि केव्हा?

याचं उत्तर १९१८ नंतरच्या फेरफारात आहे. बळवंतरावांच्या मृत्यूनंतर खात्यावर 'मु. अमुकबाई बेवा बळवंत' असं नाव चढलं असेल, तर तोवर दत्तक झालेलं नव्हतं. नवरा गेल्यावर बाईंनी दत्तक घेतलं, आणि गोविंदराव तेव्हा चौदा वर्षांचे तरी होते. 'गोविंद मुतबन्ना बळवंत, नाबालिग, वली आई' असं असेल, तर दत्तक बळवंतरावांच्या हयातीतच झालं. पहिल्या बाबतीत दत्तकपत्र होण्याची शक्यता जास्त, कारण विधवेने घेतलेल्या दत्तकावर भाऊबंद हमखास हरकत घ्यायचे. हरकत घेतली असेल तर दिवाणी दावा, आणि दावा असेल तर त्यात दोन्ही बाजूंची वंशावळ आलीच. भाऊबंदकीने घरं फोडली, पण वंशावळी राखल्या त्याही तिनेच.

दत्तकपत्र नोंदवलं असेल तर ते दुय्यम निबंधकाच्या पुस्तक ४ मध्ये असतं. नवऱ्याने बायकोला दत्तक घेण्याचा अधिकार लिहून दिला असेल, किंवा मृत्युपत्र असेल, तर पुस्तक ३ मध्ये. दोन्हींची नावांची सूची वेगळी: पुस्तक ४ ची सूची ४, पुस्तक ३ ची सूची ३. नागपुरात वकील सवयीने सूची २ मागतात. ती जमिनीच्या व्यवहारांची असते, तीत दत्तकपत्र दिसणार नाही, आणि मग 'नोंद नाही' असं उत्तर येतं. शोध फी वर्षागणिक असते, म्हणून आधी फेरफारावरून साल आवळा आणि मग तीन-चार वर्षांचाच शोध भरा. पुस्तक ४ ची नक्कल लिहून देणारा, त्याखाली हक्क सांगणारा किंवा त्यांचा प्रतिनिधी यालाच मिळते. अर्ज यजमानांच्या नावाने करा आणि ते गोविंदरावांचे नातू असल्याचे कागद जोडा. १९५० नंतर शेती विकली त्याचं खरेदीखत मात्र पुस्तक १ मध्ये, ते कोणालाही मिळतं. त्याचा पहिला परिच्छेद नीट वाचा. 'सदर शेत मला माझे दत्तक वडिलांकडून वारसाने मिळाले' अशी हकीकत तिथे लिहायची पद्धत होती.

गोविंदराव शाळेत जायला लागल्यावर दत्तक आले असतील, तर वर्ध्याकडच्या शाळेत त्यांचं नाव जन्मकुळाचंच असेल, आणि कदाचित पहिलं नावही वेगळं असेल. दत्तविधानात नाव बदलत असत. तेव्हा तिथे 'गोविंद' शोधू नका. वर्ष, गाव आणि शेऱ्यातला 'दत्तक गेला' हा शब्द शोधा. आणि डीएनए चाचणीचा विचार मनात असेल तर सोडा. पुरुष-रेषेची चाचणी तुमच्या यजमानांना वर्ध्याच्या जन्मकुळाशी जोडील, पुण्याच्या मंडळाशी नाही.

एक जवळचा रस्ता राहिलाच. यजमानांच्या चुलत भावंडांत कोणी जातवैधता प्रमाणपत्र काढलं आहे का ते विचारा. चुलत घरातल्या कोणी काढलं असेल, तर त्यांच्या फाइलमध्ये जुन्या कोतवाल बुकाच्या आणि दाखल-खारीजच्या नक्कला तयार पडलेल्या असतात. फाइलमधली प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ पुरावा म्हणून घेऊ नका, पण मूळ नक्कलेवरचा वही क्रमांक आणि साल उतरवून घ्या. शोधाचे सहा महिने वाचतात.

तुमच्याकडच्या हस्तलिखित वंशावळीला मी कमी लेखत नाही. ती कोणी लिहिली, कधी, कोणाच्या सांगण्यावरून, हे आधी मागच्या बाजूला पेन्सिलीने टिपा. लिहिणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेल्या दोन-तीन पिढ्या जवळजवळ पक्क्या धरता येतात. त्याच्या वरची नावं म्हणजे शोधायचा नकाशा, त्याहून जास्त काही नाही.

मोडीतले चार कागद जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. पुराभिलेख संचालनालयाची शाखा नागपुरात आहे आणि मोडीचे प्रशिक्षणवर्गही हे संचालनालय घेतं. लिप्यंतर ओळीला ओळ मागा. 'आशय' लिहून देतो म्हणणाऱ्याला देऊ नका. आशयात नेमकं 'बिन' आणि 'वल्द' गळतं. सन वाचताना सांभाळा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, जानेवारी ते फाल्गुन अखेर असेल तर ७९. अरबी सुहूर सनात ५९९ किंवा ६००. फसली सन (महसुली कामातलं वर्ष) दिसला तर तो दख्खनी धरायचा की उत्तरेकडचा हे कागदातल्या दुसऱ्या तारखेवरून ठरवा. दोहोंत दोनेक वर्षांचा फरक पडतो.

कागद स्कॅन करा, लॅमिनेट करू नका. चिकटपट्टी तर मुळीच नको, दहा वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन अक्षर खातो. उन्हाळ्यात नागपूरची हवा इतकी कोरडी की घडी उलगडताना कागद घडीवरच तुटतो, आणि कूलर लावला की त्याच खोलीत ओल. मेमध्ये पेटी उघडू नका. उघडलीच तर कूलर नसलेल्या खोलीत.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळीचा उपयोग तुम्हाला एकाच ठिकाणी आहे, पण तो मोठा आहे. मंडळाची शाखा आणि नागपूरची शाखा यांचा सांधा, म्हणजे 'नागपुराकडे गेले' नंतरचं पहिलं नाव, सरकारी कागदांत मिळणं कठीण. पुण्याकडचे कागद वेगळ्या राज्याचे आणि इकडचे भोसल्यांच्या राज्याचे. यात्रेला आलेला माणूस मात्र उपाध्यायाच्या वहीत आपलं मूळ गाव, हल्ली राहण्याचं गाव, बाप, आजा, भाऊ, मुलं सगळं सांगतो. 'गोविंद बळवंत, मूळ अमुक गाव, हल्ली नागपूर प्रांत, चुलते अमुक' अशी एक ओळ मिळाली आणि त्या चुलत्याचं नाव पुस्तकातल्या धाकट्या भावाशी जुळलं, तर शाखा जुळली. जाताना आडनाव, मूळ गाव, जात, गोत्र कागदावर लिहून न्या. मूळ गाव म्हणजे पुस्तकातलं, नरखेडकडचं नव्हे. वह्या त्यावरच लावलेल्या असतात. दोन्ही गावांची वही पाहायला सांगा. दक्षिणा द्या, फोटोला आधी परवानगी घ्या, आणि वहीचा क्रमांक आणि पान टिपल्याशिवाय उठू नका. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या काही वह्यांची चित्रं 'फॅमिलीसर्च' या मोफत संकेतस्थळावर आहेत, पण तिथे आपल्याकडची माणसं थोडी. वेळ असेल तर बघा.

अभिलेखागारात दोनदा जाऊनही 'वही सापडत नाही' हेच ऐकू आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तर तीस दिवसांत. 'आमच्या पूर्वजांची माहिती द्या' असं लिहिलंत तर ते फेटाळतील. 'मौजा अमुक, जुनी तहसील काटोल, येथील सन १९१५ ते १९२० चे गाव नमुना १४ आपल्या कार्यालयात आहेत काय, असल्यास बस्ता क्रमांक, नसल्यास कोठे व कोणत्या पत्रान्वये वर्ग केले' असं विचारा. याला 'सापडत नाही' हे उत्तर देता येत नाही.

मंडळाला पाठवायचा तक्ता जोडवार करा: मुलगा, बाप, कागद, साल, वही आणि पान. ज्या जोडाला कागद नाही तिथे तुटक रेघ आणि 'अनुमान' हा शब्द. वरचा सांधा आवृत्ती निघेपर्यंत जुळला नाही तरी ब-२ पासून खाली सगळं पक्कं पाठवा. न जुळलेल्या शाखा बहुतेक कुलवृत्तांतांत स्वतंत्र छापतात, आणि पुढे दुसऱ्या टोकाकडून कोणी येऊन मिळतो. सुनांची माहेरची नावं, गावं आणि लेकींच्या सासरची आडनावं वगळू नका. दोन गोविंद वेगळे करताना बायकोचं नाव उपयोगी पडतं, हे लक्षात असेलच. हयात माणसांच्या जन्मतारखा, फोन, आधार यांतलं काही तक्त्यात नको. नाव आणि जन्मसाल पुरे.

पण या सगळ्यांआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे जा. सासऱ्यांची बहीण हयात असेल तर आधी तिच्याकडे. 'आपले पूर्वज कोण' असं विचारू नका, उत्तर 'भोसल्यांचे सरदार' असंच येईल. कोणाचं सुतक दहा दिवसांचं धरत आणि कोणाचं तीन दिवसांचं, ते विचारा. दहा दिवसांचं ते सात पिढ्यांच्या आतले भाऊबंद, तीन दिवसांचं ते त्यापलीकडचे. तीन दिवसांचं सुतक पुण्याकडच्या कोणा घराचं धरत असतील, तर त्या घराचं आडनाव आणि गाव तिथल्या तिथे वहीत लिहून घ्या, आणि मंडळाच्या पुस्तकाच्या सूचीत ते पहिल्यांदा शोधा.